चौथ्या सिलिंडरमागचा गाळ: बंदीच्या दिवसांतल्या नोंदी

29 मे 2025, विजयदुर्ग

मासेमारीची बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते. यंदा मात्र पाऊस 25 मेलाच देवगडात उतरला आणि वाऱ्याने आठवडाभर आधीच सगळ्यांना किनाऱ्यावर बसवलं. आमची होडी काल ओढून वर घेतली. आज दादाने आणि मी मिळून इंजिन चेन-कप्पीने उचललं आणि खोपीत लाकडी घोडीवर ठेवलं.

दुखणं हिवाळ्यापासूनचं. जाळं ओढताना जोर पडला की तापमानाचा काटा 95 च्या वर जायचा. दादा रेस कमी करायचा, काटा खाली यायचा, पुन्हा रेस दिली की पुन्हा वर. मार्चमध्ये पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पंखांचं चाक, बदलला; थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक अंशांवर उघडणारी पाण्याची झडप, तोही बदलला. फरक शून्य. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, पाणी शिंपडलं तर पुढच्या बाजूला ते नुसतं सुकायचं, मागे चौथ्या सिलिंडरवर चर्रकन उडून जायचं. तेव्हाच मनात आलं की दुखणं ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मूळ धडाच्या, पोटात आहे.

इंजिन चार सिलिंडरचं डिझेल. ब्लॉक बिडाचा, सिलिंडर ब्लॉकमध्येच ओतलेले, वेगळे लायनर नाहीत. थंड करायला थेट खाडीचं पाणी: खालच्या सी-कॉकमधून (होडीच्या तळाची पाणी आत घेणारी तोटी) आत, पंपातून ब्लॉकमध्ये, हेडमधून बाहेर. बाबांनी 16 वर्षांपूर्वी बसवलं तेव्हापासून असंच. ब्लॉक एकदाही उघडलेला नाही.

1 जून

ब्लॉकच्या खालच्या अंगाचा ड्रेन कॉक काढला. एक थेंबही आला नाही. इंजिन उचललं तेव्हा आत पाणी होतं हे नक्की, कारण वरच्या नळीतून ते माझ्या अंगावर सांडलं होतं. भोकात वेल्डिंगची बारीक सळई घातली तर बोटभर आत जाऊन अडकली. ठोकत, फिरवत आणखी आत ढकलली, तेव्हा आधी काळा चिखल आणि त्यामागून तपकिरी पाणी आलं. वास थेट ओहोटीच्या चिखलाचा.

ज्यांच्याकडे थेट खाऱ्या पाण्यावरचं इंजिन आहे त्यांनी निदान एवढं तरी आजच करून बघावं. कॉक उघडा. धार आली नाही तर ब्लॉकचा तळ भरला आहे असं समजा.

4 जून

हेड उतरवलं. ब्लॉकच्या माथ्यावर पाणी हेडमध्ये चढण्यासाठी जी भोकं असतात, त्यातली पुढची मोकळी होती. तिसऱ्या सिलिंडरपासून मागे ती अरुंद होत गेलेली, आणि चौथ्याच्या मागची दोन पार बुजलेली. वरून पाहिलं तर ती भोकं आहेत हेही कळू नये.

मग बाजूचे कोर प्लग काढले. ब्लॉकच्या भिंतीत ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या त्या. काढायची रीत मिस्त्रीकाकांनी दाखवली: पंच वाटीच्या मधोमध न ठेवता एका कडेला ठेवायचा आणि हलके टोले द्यायचे. वाटी आडवी फिरते, मग पक्कडीने कड धरून बाहेर ओढायची. मधोमध घाव घातला तर वाटी आत जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, जाऊन पडते आणि तिला बाहेर काढायला दिवस जातो. तीन निघाल्या. दोन इतक्या कुजलेल्या होत्या की पंचाच्या पहिल्याच टोल्याला भोक पडलं.

तिसऱ्या वाटीमागे बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे हाताला लागले, झाडाच्या सालीसारखे थरावर थर. त्यात रेती, शिंपल्यांची चूर आणि काळ्या रबराचे चार तुकडे. ते इंपेलरचे पंख होते! तुटलेला इंपेलर आम्ही दर वेळी बदलत आलो, पण तुटलेले पंख गेले कुठे हे कधी शोधलं नाही. पंख मोजून घ्यायला हवे होते. जेवढे कमी, तेवढे पुढे ब्लॉकमध्ये गेलेले असतात.

एक प्लग मागच्या तोंडाला आहे, फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) आड. तो काढायचा तर गिअर आणि फ्लायव्हील दोन्ही उतरवायला लागतील. तूर्त राहू दिला.

7 जून

आजचा आणि कालचा अख्खा दिवस उपसण्यात गेला. मी विचारलं होतं, सरळ अॅसिड भरून ठेवू या का? मिस्त्रीकाका म्हणाले, "आधी हातान काढ, मगे औषध घाल." त्यांचं कारण पटण्यासारखं आहे. अॅसिड गंज खातं, पण रेती खात नाही, रबर खात नाही. गाळाच्या ढिगावर ओतलेलं अॅसिड वरच्या इंचभर थरातच संपून जातं आणि खालचा ढीग तसाच राहतो.

हत्यारं सगळी घरचीच. वेल्डिंगची सळई ठोकून टोक चपटं केलं आणि किंचित वाकवलं, म्हणजे सिलिंडरच्या वळणामागे खरवडता येतं. जुन्या क्लच वायरचं टोक उसवून ड्रिलला लावलं. ती भोकातून आत सोडून फिरवली की तारा पसरतात आणि भिंती घासून काढतात, पण ड्रिल सावकाश चालवायचं, नाहीतर वायर पीळ पडून तुटते. आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माडाचा हीर. आईच्या केरसुणीतले दहा-बारा हीर एकत्र बांधले. ते वाकतात, वळणात शिरतात, आत तुटले तरी इंजिनाला धोका नाही, आणि टोकाला काय लागतंय ते हाताला कळतं. बीड लागलं की टक्क, गंज लागला की खरखर, गाळ लागला की काहीच नाही, नुसतं रुतणं.

खरवडायचं, पाण्याचा फवारा मारायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची, पुन्हा खरवडायचं. फवारा खालून वर मारण्यापेक्षा वरून खाली, म्हणजे पाण्याच्या रोजच्या वाटेच्या उलट मारला की जास्त सुटतं. पापुद्रे ज्या दिशेने आले त्याच दिशेला पाचर बसावी तसे अडकलेले असतात. डोळ्यांना चष्मा हवाच. भोकातून फवारा तसाच तोंडावर परत येतो.

निघालेला ऐवज चुलीजवळ सुकवला आणि तराजूत टाकला. 1 किलो 850 ग्रॅम. ज्या जॅकेटमध्ये जेमतेम 8 लिटर पाणी मावतं त्यातून हा एवढा निघाला.

10 जून

पाऊस. काम बंद.

12 जून

कुठलं औषध, यावर घरात तीन मतं. दादाच्या ओळखीचा एक जण संडास साफ करायचं अॅसिड सुचवत होता. ते हायड्रोक्लोरिक. झपाट्याने काम करतं हे खरं, पण गंजाबरोबर चांगलं बीडही खातं, आणि त्यातला क्लोराइड फटीत राहिला तर पुढे गंज चालूच ठेवतो. 16 वर्षं मिठाच्या पाण्याने पातळ झालेल्या भिंतींना मी ते लावणार नाही.

दुसरं मत काकवीचं. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. गंज हळूहळू सुटतो आणि लोखंडाला धक्का लागत नाही. ब्लॉक अख्खा बुडेल असं पिंप असतं तर मी हेच केलं असतं. पण या हवेत काकवी आंबून खोपीत उभं राहवणार नाही, आणि मुंग्यांचं काय करायचं?

तिसरं सायट्रिक अॅसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्व. आई तांब्याची भांडी आमसुलाने घासते, त्याच कुळातलं हे औषध. आंबट पदार्थ गंजाला नुसता विरघळवत नाही, लोखंडाच्या कणाला धरूनही ठेवतो. शिवाय खाऱ्या पाण्याचे पांढरे थर, म्हणजे कॅल्शियमचा चुना, तोही त्यात बराचसा सुटतो. हेच नक्की केलं.

त्या पांढऱ्या थरांविषयी दोन वाक्यं, कारण ते आमच्याकडे पहिल्या दोन सिलिंडरांभोवतीही सापडले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियमच्या काही क्षारांचं उलटं आहे, पाणी तापलं की ते बाहेर पडून गरम भिंतीला चिकटतात. म्हणून थेट खाऱ्या पाण्यावरचं इंजिन 55 ते 60 अंशांवर चालेल असाच थर्मोस्टॅट लावतात. आमच्याकडे मार्चमध्ये बदललेला थर्मोस्टॅट ट्रकचा निघाला, 82 अंशांचा. दुकानात माप जुळलं म्हणून घेतला, अंश वाचलेच नाहीत. रोग वाढवायला आम्हीच हातभार लावला होता.

15 जून

पहिली पाळी. प्लॅस्टिकच्या पिंपात 40 लिटर पाणी आणि 2 किलो 400 ग्रॅम सायट्रिक, म्हणजे लिटरला 60 ग्रॅम. पाणी बंबात तापवून पिंपात 60 अंशांवर आणलं. गार द्रावणही काम करतं, पण दिवसाच्या कामाला आठवडा घेतं. कोर प्लगच्या भोकांना रबर लावून लाकडी बुचं ठोकली. पितळेचे कॉक, झिंकचा तुकडा (खाऱ्या पाण्यात बिडाऐवजी स्वतः झिजणारा), पंप, सगळं आधीच काढून ठेवलं होतं, कारण अॅसिड झिंक आणि अॅल्युमिनियम आधी खातं. ब्लॉकच्या माथ्यावर भोकं पाडलेली फळी पॅकिंग लावून आवळली. छोट्या प्लॅस्टिकच्या पंपाने द्रावण खालून आत आणि वरून परत पिंपात.

दहा मिनिटांत फेस. तो चुन्याचा. रंग आधी पिवळट हिरवा, मग गडद, तासाभरात काळ्या चहासारखा. दोन तासांत फेस थांबला आणि पीएच कागदावर आंबटपणा जवळजवळ उतरलेला दिसला. बहुतेक अॅसिड चुन्यानेच संपवलं होतं. आणखी एक किलो घातलं. द्रावण निवलं की बादलीभर काढून स्टीलच्या टोपात चुलीवर तापवून परत ओतत राहिलो. एकूण पाच तास चालवलं. रात्रभर मुद्दाम ठेवलं नाही. द्रावणात लोखंड फार झालं की पिवळसर साका खाली बसू लागतो आणि साफ केलेल्या जागी तोच नवा गाळ होतो.

संध्याकाळी फळी काढून पंप चालू ठेवला आणि माथ्यावरचं प्रत्येक भोक पाहिलं. पहिल्या दोन सिलिंडरांभोवती करंगळीएवढ्या धारा. तिसऱ्यापाशी बारीक. चौथ्यामागे ओलसुद्धा नाही.

16 जून

मिस्त्रीकाका येऊन बघून गेले. घोडीजवळ बसून त्यांनी चौथ्यामागच्या भोकात हीर घातला आणि म्हणाले, "पानी आळशी असता. सोपी वाट गावली की थंयसूनच जाता." कालचे पाच तास अॅसिड मोकळ्या पुढच्या सिलिंडरांतून गोल गोल फिरलं. जिथे त्याची गरज होती तिथे ते पोचलंच नाही. साफ होतं ते आणखी साफ झालं.

मागचा प्लग मी 4 जूनला राहू दिला होता. तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

18 जून

गिअर उतरवला, फ्लायव्हील उतरवलं. फ्लायव्हील एकट्याने धरू नये, दादाने खालून फळी दिली. प्लग निघाला. त्यामागे गाळ राहिलाच नव्हता, वीट झाली होती. गंज, रेती आणि क्षार एकत्र भाजून घट्ट झालेला गोळा. साहजिक आहे. पंप पुढे असतो, पाणी पुढून शिरतं आणि मागे पोचेपर्यंत मंदावतं, मंदावलं की हातातलं ओझं खाली टाकतं. खाडीच्या वळणावर रेतीची पुळण साठते ती याच नियमाने. आणि एकदा गाळ बसला की तिथलं पाणी जास्त तापतं, जास्त क्षार सुटतात, गाळ आणखी वाढतो.

छिन्नी लावायचा मोह झाला, पण पलीकडे सिलिंडरची भिंत. सळईने कण कण फोडला. वरून बुजलेली दोन भोकं आधी हाताने फिरवलेल्या 4 मिलिमीटरच्या ड्रिलने आणि मग 6 च्या ड्रिलने उघडली, मशीन लावलं नाही. चार तासांनी वरून टाकलेला हीर मागच्या प्लगच्या भोकातून बाहेर आला. दादा खोपीच्या दारात उभा होता, त्याला मी तो हीर दाखवला. त्याने काही न बोलता हातात घेतला आणि भिंतीच्या झापात खोचून ठेवला.

सुकवून वजन: 1 किलो 120 ग्रॅम. दोन्ही मिळून तीन किलोला थोडंच कमी.

20 जून

दुसरी पाळी, ताजं द्रावण. यावेळी पाण्याची आळशी वाट बंद केली. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांभोवतीच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यामुळे सगळं द्रावण मागूनच जाणं भाग पडलं. तीन तासांनी खुंट्या काढून आणखी एक तास. आता सगळीकडून धारा, आणि चौथ्यामागची धार पहिल्याच्या बरोबरीची.

लगेच बाहेर काढून विहिरीच्या पाण्याने धुतलं, मग धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी अर्धा तास फिरवलं, पीएच कागद निळसर येईपर्यंत. टाकाऊ द्रावणातही सोडा घालून त्याचा आंबटपणा मारला आणि ते आवाराबाहेर लांब खड्ड्यात जिरवलं. विहिरीकडे किंवा खाडीत सोडलं नाही.

याच्या पुढची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची होती. अॅसिडने सोललेलं बीड या हवेत उघडं राहिलं तर डोळ्यांदेखत नारिंगी होतं. जूनमध्ये आमच्याकडे मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथे ब्लॉक सुकवायचा म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. मी सुकवलाच नाही. लेथवर वापरतात ते पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल कारखान्यातून लिटरभर आणून ठेवलं होतं. त्याचं दुधासारखं पाणी करून जॅकेट काठोकाठ भरलं आणि बुचं लावून टाकली. माथ्यावर ग्रीसचा हात फिरवला.

27 जून

जॅकेट रिकामं करून आरशाने आणि बॅटरीने आत पाहिलं. करड्या रंगाच्या भिंती, खड्डे आहेत, पण नवा गंज नाही. सगळी भोकं पट्ट्यांनी बंद करून हातपंपाने पाण्याचा दीड किलोचा दाब दिला आणि अर्धा तास ठेवला. हवेने करू नये. काही फुटलं तर हवा उडवते, पाणी नुसतं गळतं. काटा थोडा उतरला. घाम यावा तसे थेंब ड्रेन कॉकच्या आट्यांतून येत होते. आटे कुजले होते. पुढच्या मापाचा टॅप फिरवून नवे आटे पाडले आणि पितळेचा कॉक बसवला. पुन्हा दाब दिला, अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही.

सिलिंडरच्या भिंती टिकल्या. खरी धास्ती त्याचीच होती. बाबांना फोनवर सांगितलं.

6 जुलै

नवे कोर प्लग पितळेचे घेतले, खाऱ्या पाण्यात पत्र्याचे टिकत नाहीत. माप व्हर्निअरने घेऊनच गेलो. बसण्याची कड पॉलिश पेपरने चकचकीत केली, सीलंटचा पातळ हात दिला आणि वाटीत सैल बसणारी गोटी ठेवून सरळ ठोकले, कड ब्लॉकच्या किंचित आत जाईपर्यंत.

13 जुलै

हेड रत्नागिरीहून सपाट होऊन आलं. गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पातळ पॅकिंग, पाहून दादा म्हणाला, पुढची भोकं बघ किती बारीक आहेत, पाणी अडेल, मोठी करू या? हात लावू दिला नाही. ती मुद्दाम बारीक असतात. पुढे बारीक आणि मागे मोठी ठेवली की पाण्याला मागच्या सिलिंडरपर्यंत जावंच लागतं. 20 जूनला मी ज्या खुंट्या ठोकल्या त्याच कामाची ही कायमची सोय. पुढची भोकं मोठी केली असती तर पाणी पुन्हा सोप्या वाटेने गेलं असतं. आणि गॅस्केट उलटं बसलं तरी तेच होतं, म्हणून बसवण्यापूर्वी दोघांनी मिळून पाहिलं. हेड टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळलं.

22 जुलै

गोड्या पाण्याचं बंद चक्र आणि हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने ते गोडं पाणी गार करणारा) बसवायचा विचार होता. या हंगामात पैसे नाहीत. त्याऐवजी तीन गोष्टी केल्या: सी-कॉकनंतर जाळीची गाळणी, 60 अंशांचा थर्मोस्टॅट, आणि पंपाच्या आधी तीन वाटांचा कॉक. होडी परत आली की त्या कॉकमधून पिंपभर विहिरीचं पाणी इंजिनातून फिरवायचं. झिंकचा नवा तुकडा लावला.

30 जुलै

खोपीतच पिंपातल्या पाण्यावर चालवलं. अर्ध्या तासाने हेडच्या चार ठिकाणी तापमान मोजलं: 61, 61, 62, 63. हा जोराशिवायचा आकडा आहे, खरी परीक्षा जाळं ओढताना.

10 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली. आज पहाटे होडी पाण्यात. बुरुजाला वळसा घालून बाहेर पडलो तेव्हा लाटा मोठ्या होत्या. दोन तास जाळं ओढलं. मी दादाजवळ न बसता काट्यासमोर बसून होतो. पूर्ण जोरात 66. तिथून हलला नाही.

परत आल्यावर विहिरीचं पाणी फिरवलं आणि ड्रेन कॉक उघडला. सळई लागली नाही. धार आली, स्वच्छ, तळाला चिमूटभर रेती.